अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं प्राध्यापक व्हायचंय? आधी प्रपोजल बदला

तुमचा प्रश्न असा: पुण्यात ऑरगॅनिकमध्ये पीएचडी झाली, सध्या अमेरिकेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) चालू आहे, आणि पुढे एखाद्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (मुख्यतः पदवीचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात) असिस्टंट प्रोफेसर व्हायचंय. तिथे शिकवणं आणि संशोधन कसं चालतं, तयारी काय करावी?

आधी संशोधनाचं बोलू, कारण चांगले चांगले अर्ज तिथेच मागे पडतात. या कॉलेजांत पीएचडीचे विद्यार्थी नसतात. तुमचा ग्रुप म्हणजे १९ ते २२ वर्षांची तीन-चार मुलं. सत्र चालू असताना आठवड्याला सहा-आठ तास, तेही तासांच्या अधल्यामधल्या वेळात. सलग काम फक्त उन्हाळ्यात, आठ ते दहा आठवडे. अशा ठिकाणी प्रपोजलमध्ये १८ पायऱ्यांची टोटल सिंथेसिस (साध्या रसायनांपासून गुंतागुंतीचा रेणू बनवणं), उणे ७८ अंशांवरचं ब्युटिल लिथियम (हवेत पेट घेणारं रीएजंट) आणि ग्लोव्हबॉक्स (हवाबंद पेटी) घेऊन गेलात तर निवड कमिटी नम्रपणे नाही म्हणणार. त्यांना एवढंच बघायचं असतं की दुपारी एकला आलेली दुसऱ्या वर्षाची मुलगी चारला निघताना तिच्या हाती काही लागलेलं असेल का.

मापाचा अंदाज यावा म्हणून टीचिंग लॅबमधला एक सुझुकी कपलिंगचा (पॅलेडियमच्या मदतीने दोन रिंगा जोडण्याचा) प्रयोग बघा. २२० मिलिग्रॅम ४-आयडोफिनॉल, १२२ मिलिग्रॅम फिनाइल बोरॉनिक अ‍ॅसिड, ४१४ मिलिग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, १० मिलिलिटर पाणी आणि १० टक्के पॅलेडियम-ऑन-कार्बन जेमतेम ३ मिलिग्रॅम. अर्धा तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ परत थंड करत उकळणं. थंड झालं की २ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, मग गाळायचं. कागदावर राहिलेलं मिथेनॉलमध्ये विरघळवून पुन्हा गाळलं की पॅलेडियम कागदावर राहतं, आणि गाळलेल्या द्रावणात पाणी घातलं की ४-फिनाइलफिनॉलचे पांढरे स्फटिक पडतात. गडबड दोन ठिकाणी होते. अ‍ॅसिड कमी पडलं तर प्रॉडक्ट फिनॉक्साइड (पाण्यात विरघळणारा क्षार) होऊन पाण्यातच राहतं. म्हणून निळा लिटमस लाल होईपर्यंत घालायचं, पण हळूहळू, कारण कार्बोनेट फसफसून वर येतं. दुसरं, मिथेनॉलने भिजलेलं पॅलेडियम कागदावर सुकू दिलं तर पेट घेऊ शकतं. लगेच पाण्याने ओलं करून वेगळ्या बाटलीत ठेवायचं, कचऱ्याच्या डब्यात कधीही नाही.

हे संशोधन नव्हे, पण तुमच्या प्रपोजलमधली प्रत्येक पायरी साधारण याच मापाची हवी: हवेत टिकणारी, तीन तासांत टीएलसीपर्यंत (रिअॅक्शन झाली का बघायच्या झटपट चाचणीपर्यंत) पोचणारी, आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा सबस्ट्रेट (सुरुवातीचा रेणू) देता येईल अशी. एक जण परीक्षेमुळे तीन आठवडे गायब झाला तरी दुसऱ्याचं काम अडता कामा नये.

एनएमआर (रेणूची रचना ओळखण्याचं मशीन) कोणता आहे ते आधीच विचारा. ६० मेगाहर्ट्झच्या टेबलावरच्या मशीनला द्रव हीलियम लागत नाही, त्यामुळे ते परवडतं. पण त्यावर दोन सिग्नलांमधलं ०.१ पीपीएमचं अंतर म्हणजे फक्त ६ हर्ट्झ, आणि ऑर्थो कपलिंगच (रिंगेवरच्या शेजारच्या हायड्रोजनमुळे सिग्नल फुटण्याचं अंतर) ८ हर्ट्झच्या आसपास. अ‍ॅरोमॅटिक भागाची खिचडी होते. ४०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर तेच अंतर ४० हर्ट्झ होतं. ४०० असेल तर हीलियमचा खर्च कोणाच्या बजेटमधून जातो, हेही विचारून घ्या. तो बोजा आयत्या वेळी डिपार्टमेंटवर पडतो.

ग्रँटसाठी एसीएसच्या (अमेरिकन केमिकल सोसायटीच्या) पेट्रोलियम रिसर्च फंडात छोट्या कॉलेजांतल्या नव्या प्राध्यापकांसाठी वेगळी सोय आहे. शिवाय एनएसएफची (सरकारी विज्ञान निधी संस्थेची) आरयूआय आणि एनआयएचची (सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची) आर-१५, या अशा कॉलेजांसाठीच्या ग्रँट.

शिकवण्याचा भार ‘३-२’ असा सांगतात: एका सत्रात तीन कोर्स, दुसऱ्यात दोन. खरी मेख लॅबमध्ये. चार तासांची लॅब कुठे पूर्ण कोर्स धरतात, कुठे अर्धा. हे लेखी घ्या. रीएजंट काढणं, वेस्टच्या बाटल्यांना लेबल लावणं, हॅलोजनवालं सॉल्व्हंट वेगळं ठेवणं, हे बऱ्याच ठिकाणी तुमच्याच गळ्यात असतं. आपल्याकडच्यासारखा विद्यापीठाचा पेपर किंवा बाहेरचा परीक्षक नसतो. अभ्यासक्रम, पेपर, तपासणी सगळं तुमचं. मार्कांची यादी नावानिशी दारावर लावणं फर्पा कायद्यात (विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याच्या अमेरिकन कायद्यात) बसत नाही.

मुलाखतीत डेमो लेक्चर असतं. एसएन-२ (एक मूलभूत रिअॅक्शन) किंवा चेअर कन्फर्मेशनसारखा (सहा कार्बनांच्या रिंगेचा खुर्चीसारखा आकार) विषय दिला, तर ५० मिनिटांत एकच कल्पना नीट पोचवा. फळ्यावर रिअॅक्शनचे बाण तुम्ही एकटेच काढत राहू नका. पहिल्या दहा मिनिटांत मुलांच्या हातात पेन्सिल द्या. रिसर्च टॉकलाही समोर बहुतेक विद्यार्थीच असतात, म्हणून पीएचडी डिफेन्सच्या स्लाइड तशाच वापरू नका.

व्हिसाचं नीट ऐका. कॉलेजांना एच-वन-बीची (नोकरीच्या व्हिसाची) वार्षिक मर्यादा लागू नाही, लॉटरी नाही. पण २१ सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या उमेदवाराच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर लावले गेले, आणि छोटं कॉलेज ते भरणं कठीण. म्हणून पोस्टडॉक संपवून पुण्याला परतून अर्ज करण्यापेक्षा अमेरिकेत असतानाच अर्ज करा, आणि त्या वेळचा नियम वकिलाकडून तपासा. जे-वनवर (एक्स्चेंज व्हिसावर) असाल तर डीएस-२०१९ या त्याच्या फॉर्मवर दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या अटीची नोंद आहे का ते आजच बघा. ती असेल तर अट पूर्ण केल्याशिवाय किंवा वेव्हर (सूट) मिळाल्याशिवाय एच-वन-बी होत नाही.

ग्रीन कार्डसाठी कॉलेज शिक्षकांना एक खास सवलत आहे: तुमची निवड झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत कॉलेजने लेबर सर्टिफिकेशन (परदेशी माणूस नेमण्यासाठी कामगार खात्याकडचा अर्ज) दाखल केलं तर पुन्हा जाहिरात देऊन भरती करावी लागत नाही. भारतीयांची रांग फार लांब आहे आणि तुमचा नंबर त्या दाखल करण्याच्या तारखेपासून लागतो. त्यामुळे ऑफर स्वीकारताना पगाराइतकंच ठामपणे ही तारीख डीनकडून ईमेलवर मागा.