चार वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी घेऊन मालदीवला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला राहता, मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. मालदीवच्या रिसॉर्टला जायचं मनात आहे, पण सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरांना समुद्राच्या मधोमध कशाला नेता. आणि शेकडो रिसॉर्टांतून एक निवडताना बघायचं काय, हेही कळत नाही.

जा. फक्त फोटो बघून रिसॉर्ट ठरवू नका. आम्ही नाशिकच्याच इंदिरानगरचे, दोन्ही पोरं लहान असतानाच मालदीवला जाऊन आलो, त्याआधी अंदमानला. माझं मत असं झालंय की लहान मुलांची बेटावरची सुट्टी दोन गोष्टींवर ठरते: विमानतळावरून बेटापर्यंत कसं पोचायचं, आणि खोलीच्या दारात वाळू आहे की पाणी. स्पा, पाण्याखालचं रेस्टॉरंट, समुद्रातला झोपाळा हे सगळं मोठ्यांचं कौतुक.

पोचण्याचं आधी. मालदीवमध्ये साधारण एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. तुम्ही राजधानी मालेजवळच्या वेलाना विमानतळावर उतरता, तेव्हा प्रवास संपलेला नसतो. पुढे स्पीडबोट, सी-प्लेन किंवा देशांतर्गत विमान आणि मग बोट, असे पर्याय असतात आणि तो पर्याय तुम्ही नाही, तुमचं रिसॉर्ट ठरवतं. सी-प्लेनमधून दिसणारं दृश्य अप्रतिम असतं, खोटं कशाला बोलू. पण सी-प्लेन फक्त दिवसाउजेडीच उडतं. तुमचं विमान दुपारी उशिरा उतरलं की ती रात्र माले किंवा हुलहुमालेच्या हॉटेलात काढायची, सकाळी परत विमानतळ. त्यात सी-प्लेनची वाट बघत तास-दीड तास बसणं, आवाज कानठळ्या बसवणारा, सामान साधारण माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो, आणि येण्याजाण्याचे मोठ्या माणसाला बहुतेक ठिकाणी ४०० डॉलरच्या पुढे. दीड वर्षाचं मूल घेऊन एवढं सगळं कशासाठी? उत्तर माले आणि दक्षिण माले ॲटॉलमधली (ॲटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) रिसॉर्टं विमानतळापासून स्पीडबोटीने वीस मिनिटं ते पाऊण तासावर आहेत. बोटी टर्मिनलच्या दारातूनच सुटतात आणि बहुतेक रात्रीही चालतात. त्यातलंच एखादं निवडा. बोटीत मागच्या बाजूला बसा, तिथे आदळआपट कमी होते. लहान मापाचं लाइफ जॅकेट आहे का, हे आधीच ईमेल करून विचारा. मोठ्यांचं जॅकेट दीड वर्षाच्या पोरावर नुसतं लटकतं.

आपल्याला तर त्याच्याही आधीचा टप्पा आहे. नाशिकच्या ओझर विमानतळावरून आंतरराष्ट्रीय विमान नाही, म्हणजे मुंबई गाठायची. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटातलं ताटकळणं टळतं, पण आमण्यानंतर भिवंडी-ठाण्याची गर्दी आहे तिथेच आहे. पहाटेचं विमान असेल तर रात्री दहाला निघा. पोरं गाडीत झोपतात, वाटेत खायला-प्यायला थांबावं लागत नाही. मुंबईहून मालेला सुमारे तीन तास. घड्याळ भारतापेक्षा फक्त अर्धा तास मागे, त्यामुळे झोपेचं वेळापत्रक मोडत नाही. (काही रिसॉर्टं बेटावरचं घड्याळ मालेपेक्षा तासभर पुढे ठेवतात. बोटीची वेळ विचारताना कुठल्या घड्याळाने ते विचारून घ्या.) बाली किंवा मॉरिशसपेक्षा मालदीव लहान मुलांना सोपं पडतं ते याच कारणाने. समुद्र सगळीकडेच निळा आहे, पण मॉरिशसचं विमान मुंबईहून सहा तासांच्या पुढे जातं, आणि मांडीवरचं मूल सहा तासांत काय करतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

आता खोली. पाण्यावरचा लाकडी बंगला, म्हणजे वॉटर व्हिला, हीच मालदीवची ओळख झाली आहे आणि तुमच्या मनातही तोच असणार. लहान मुलं असताना तो घेऊ नका. बाहेरच्या डेकला पुष्कळ ठिकाणी कठडा नसतो, तिथूनच जिना थेट समुद्रात उतरतो. अनेक रिसॉर्टं ठरावीक वयाखालच्या मुलांना तिथे ठेवूच देत नाहीत, काही पालकांकडून जबाबदारीच्या कागदावर सही घेतात. सही करून खोली मिळेल, पण चार दिवस दोघांपैकी एकाने दाराला पाठ लावून बसायचं, ही कसली सुट्टी? त्यापेक्षा बीच व्हिला घ्या. दारातून बाहेर पाऊल टाकलं की वाळू, पोरं सकाळी उठून फावडं-बादली घेऊन थेट अंगणात. मात्र त्यातही ‘खाजगी पूलसह’ असा प्रकार असतो, तो टाळा. दाराबाहेर कुंपण नसलेला पूल हा दीड वर्षाच्या मुलीसाठी समुद्रापेक्षाही वाईट, कारण समुद्र हळूहळू खोल होतो, पूल होत नाही.

किनारा कसा आहे हे ओळखायची एक युक्ती सांगते, ती मला फार उपयोगी पडली. नकाशावर उपग्रहाचं चित्र लावा आणि बेटाभोवती बघा. फिकट निळा-हिरवा पट्टा म्हणजे लगून, प्रवाळाच्या कडेआतलं उथळ पाणी; गडद निळं जिथे सुरू होतं तिथे प्रवाळाची कड आणि त्यापुढे खोल पाणी. जी बेटं ‘घरच्या रीफवर स्नॉर्कलिंग उत्तम’ अशी जाहिरात करतात, तिथे ही कड किनाऱ्याच्या अगदी जवळ असते. पोहणाऱ्यांना ते हवंच असतं. तुम्हाला नको. तुम्हाला रुंद फिकट पट्टा हवा, जिथे कमरेपर्यंत पाण्यात बरंच आत चालत जाता येतं. आणखी एक गोष्ट फोटोत कधीच दिसत नाही: तिथली वाळू मोसमाप्रमाणे बेटाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकते. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा, मे ते ऑक्टोबर नैऋत्येचा. त्यामुळे तुम्ही जाणार त्या महिन्यात कुठल्या बाजूला वाळू असते, ते रिसॉर्टला सरळ विचारा आणि त्याच बाजूची खोली मागा. नाहीतर दारासमोर वाळूच्या पोत्यांची रांग बघत बसावं लागतं.

महिना कुठला? पोरं एवढी लहान आहेत तोवर शाळेच्या सुट्टीची वाट बघू नका. ज्युनिअर केजी आठवडाभर बुडाली तर कुणाचं काही अडत नाही. फेब्रुवारी-मार्च उत्तम, समुद्र शांत, पाऊस कमी. मे महिन्यात आपल्याकडे सुट्टी असते आणि तिकडे पावसाळा लागतो. रिसॉर्ट स्वस्त मिळतं, पण स्पीडबोट उडते आणि पोरं ओकतात. नाताळचा आठवडा सोडूनच द्या. दर दुपटीला जातात, वर २४ आणि ३१ डिसेंबरच्या गाला डिनरचे पैसे बऱ्याच ठिकाणी सक्तीने घेतात, मग तुमची मुलगी आठ वाजता झोपलेली असो.

पैशांबद्दल एकच सांगते. दराच्या पुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर त्याचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर १७ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे १०० डॉलरचे सुमारे १२९ होतात. शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर हरित कर. दोन वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही. जेवण धरूनच बुकिंग करा, कारण बेटावर दुसरं दुकान नाही. पाण्याची बाटली, ज्यूसचा ग्लास, सगळं त्यांच्याच दराने. निदान फुल बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण, तरी घ्याच.

जेवणाची काळजी आपल्याकडच्या आयांना सगळ्यात जास्त असते, आणि खरं तर तीच सगळ्यात कमी करायला हवी. भारतीय पाहुणे इतके असतात की पुष्कळ रिसॉर्टांत भारतीय आचारी असतो. आदल्या दिवशी सांगितलं की मऊ मुगाची खिचडी करून देतात, तिखट न घालता. तिथल्या लोकांची स्वतःची ‘रोशी’ म्हणजे आपली पातळ चपातीच. आमच्या धाकट्याने ती साखर लावून रोज सकाळी खाल्ली, समोर एवढा मोठा बुफे मांडलेला असताना. तुम्ही मासे खात असाल तर गरुधिया नावाचं टुना माशाचं पातळ सार भातावर घालून थोरल्याला देऊन बघा, तिखट नसतं. सोबत मेतकूट, नाचणी सत्त्व, राजगिऱ्याच्या वड्या न्या. डायपर मात्र संपूर्ण सुट्टीचे घरूनच न्या, आणि हिशोबापेक्षा जास्त, कारण खारं पाणी आणि वाळू यामुळे ते सारखे बदलावे लागतात. प्रत्येक वेळी पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवून क्रीम लावलं नाही तर दुसऱ्या दिवशी मुलगी पाण्यात पाय टाकायला तयार होणार नाही.

उन्हाबद्दल मी जरा कडक आहे. ही बेटं विषुववृत्ताला चिकटून आहेत, तिथलं ऊन नाशिकच्या एप्रिलसारखं अंगाला चटका देत नाही, वारा सुटलेला असतो, म्हणून कळतच नाही. दहा ते चार मुलं पाण्यात नाहीत, हा नियम. सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी चारनंतर. मधल्या वेळेत जेवण, झोप, किड्स क्लब. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट आणि मानेवर झालर असलेली टोपी हे सनस्क्रीनपेक्षा जास्त काम करतात. पायात ॲक्वा शूज हवेतच, वाळूत मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे असतात. संध्याकाळी डास असतात आणि मालदीवमध्ये डेंग्यू आहे, तेव्हा अंगभर कपडे आणि डासांचं मलम.

किड्स क्लब बहुतेक ठिकाणी चार वर्षांपासून पुढे. थोरल्याला घेतील, धाकटीला तुमच्यापैकी कुणीतरी बरोबर हवं किंवा ताशी पैसे देऊन आया. तो क्लब मुख्य कारण धरून रिसॉर्ट निवडू नका. मुलांना तिथे खरं वेड लागतं ते शंखात राहणाऱ्या खेकड्यांचं. संध्याकाळी ते शेकड्याने बाहेर येतात, पोरं त्यांच्यामागे तासन्‌तास फिरतात. उथळ पाण्यात वीतभर-हातभर लांबीची शार्कची पिल्लं फिरताना दिसतात, ती माणसाला बघून पळतात. प्रवाळ देशाबाहेर नेता येत नाही, हे मात्र पोरांच्या खिशात हात घालून तपासा.

पोहण्याचं. जायच्या आधी महिनाभर त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर क्लास लावू का, असं बऱ्याच जणी विचारतात. लावा, पण चार वर्षांचं मूल महिनाभरात पोहायला शिकत नाही, फक्त त्याची भीती जाते, आणि भीती गेलेलं मूल जास्त लक्ष ठेवायला लागतं. दंडाला लावायचे फुगे हे खेळणं आहे, सुरक्षेचं साधन नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, म्हणून हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस, ज्याच्या हातात फोन नाही. आळीपाळीने ठरवून घ्या: आत्ता कोण. दोघंही बघतायत म्हणजे कुणीच बघत नाही.

सासूबाईंचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. तिथे मध्यरात्री ताप चढला तर आपल्यासारखं दहा मिनिटांत डॉक्टर गाठता येत नाही. म्हणून बुकिंगआधी विचारा की बेटावर डॉक्टर राहतो का, की फक्त नर्स. माले शहराजवळचं रिसॉर्ट घ्या म्हणते त्यामागे हेही कारण आहे, बोटीने तासाभराच्या आत मोठं रुग्णालय. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे तापाच्या औषधाचा डोस आणि चिठ्ठी लिहून घ्या, ओआरएसची पाकिटं न्या, आणि प्रवास विमा आणीबाणीत रुग्णाला हलवण्याचा खर्च देतो का ते वाचा. सासूबाईंनाच बरोबर नेता आलं तर सगळ्यात छान. पण सांगून ठेवा, पूजेच्या मूर्ती तिथे नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून घेतात. बॅगेतला छोटा गणपती घरीच राहू द्या. दारूही नेता येत नाही.

कागदपत्रं सोपी आहेत. दोन्ही मुलांचे स्वतंत्र पासपोर्ट, नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होतात. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो. निघण्याआधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ हा ऑनलाइन फॉर्म प्रत्येकाचा भरायचा, तान्ह्याचाही. तो विनाशुल्क आहे, पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही. पासपोर्टचं जमत नसेल तर अंदमान करा. हॅवलॉकपेक्षा, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपपेक्षा, नील म्हणजे शहीद द्वीप मुलांना जास्त शांत वाटतं. फक्त अंदमानात काही किनाऱ्यांवर मगरींच्या सूचना लावलेल्या असतात, त्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत.

मुलीचा दुसरा वाढदिवस कधी आहे ते तिकीट काढायच्या आधी बघा. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर स्वस्तात जातं, पण वय प्रवासाच्या तारखेला मोजतात. सुट्टीतच दोन पूर्ण झाली तर येताना तिला पूर्ण सीट घ्यावी लागते. तारखा आणि दोन-तीन रिसॉर्टांची नावं मनात असतील तर खाली लिहा, नकाशावर लगून कशी आहे ते बघून सांगते.