डंपरमध्ये झोप ओळखणारा कॅमेरा लावला, तर नाइट शिफ्टची काळजी मिटेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊजी, म्हणजे तुमचे यजमान, वणीकडच्या एका खुल्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे डंपर चालवतात. नाइटला पहाटे झापड येते असं ते स्वतः तुम्हाला सांगतात. आता गाडीत चालकाच्या डोळ्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा बसणार आहे, तेव्हा निर्धास्त व्हावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी याच वणी-घुग्घुस पट्ट्यात 26 वर्षं काढली. आधी डंपर ऑपरेटर होतो, शेवटची काही वर्षं नव्या पोरांना गाडी शिकवायला. माझं सांगणं असं की कॅमेरा बसू द्या, भाऊजींनाही त्याला विरोध करू देऊ नका. पण निर्धास्त होऊ नका. कॅमेरा ओरडतो तेव्हा झोप आलेली असते. तिचा बंदोबस्त त्याच्या कितीतरी आधी, घरी आणि हाजरीच्या टेबलावर करावा लागतो.

माझ्यावर बेतलेलं सांगतो. जूनचा तिसरा आठवडा होता, पाऊस नुकताच पडलेला. घरची चार एकर शेती. दिवसभर सरकी टोबली, बांधावरच भाकर खाल्ली, पाठ टेकायला मिळाली नाही. रात्री 11 ला हाजरी लावून गाडीत बसलो. पहाटे साडेचारच्या सुमारास ओबी, म्हणजे कोळशावरची माती-दगड, भरून ती टाकायच्या ढिगाऱ्याकडे, डम्पकडे, निघालो. वळण घेतल्याचं आठवतं, त्याच्यापुढचं काहीच आठवत नाही. जाग आली ती धक्क्यानं. पुढचं डावं चाक कडेच्या मातीच्या बांधावर चढलं होतं आणि पलीकडे खोल अंधार. नियमानं हा बांध त्या रस्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या गाडीच्या टायरइतका उंच ठेवायचा असतो. त्या दिवशी तो तसा होता, म्हणून आज हे लिहितो आहे. दुसऱ्या दिवशी मला निष्काळजीपणाची नोटीस मिळाली. आदल्या दिवशी किती झोपलास, हे एकानंही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण शेतात होतो म्हटलं असतं तर आणखी बोलणी बसली असती.

बाहेरच्या माणसाला वाटतं चार सेकंदांच्या डुलकीनं काय होतं. 60 टनी डंपर भरला की गाडीचं स्वतःचं वजन धरून शंभर टनांच्या आसपास जातो. ताशी 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 7 मीटर. चार सेकंदांत 28 मीटर गाडी चालकाविना गेली. हॉल रोड, म्हणजे खाणीतला डंपरचा रस्ता, सगळ्यात रुंद गाडीच्या तिप्पट तरी रुंद असावा असा दंडक आहे, म्हणजे या गाडीसाठी साधारण 15 मीटर. तुम्हीच हिशोब करा. त्यात कॅबिनमधून एका बाजूचं आणि अगदी पुढ्यातलं काही दिसत नाही. सर्व्हेवाल्यांची बोलेरो उंच दांड्यावर झेंडा आणि लाइट लावून फिरते ती त्यासाठीच. जागा असलेल्या चालकालाही ती दिसायला कठीण, झोपाळलेल्याचं तर बोलायलाच नको.

ही झोप आळसाची नसते, हे आधी घरातल्या सगळ्यांना पटवा. रात्री दोन ते सहा या वेळात शरीर आपणहून थंडावतं, कितीही मन लावलं तरी. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियात ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी माणसं जागी ठेवून मोजलं होतं. सलग 17 तास जागा राहिलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा चुकतो. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. आता बघा, नाइटच्या पहिल्या दिवशी भाऊजी सकाळी सहाला उठले आणि दुपारी झोपले नाहीत, तर रात्री 11 ला गाडीत बसतानाच 17 तास झाले. पहाटे चारला 22. दारू पिऊन आलेल्याला गेटवर अडवतात. या माणसाच्या हाती किल्ली देतात.

त्यामुळे आठवड्यात सगळ्यात घातक रात्र पहिली. त्या दिवशी दुपारी दोन-तीन तास झोपलेच पाहिजेत, मग घरी पाहुणे असोत की काही असो.

खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पुडीचं, स्पष्ट बोलतो, कारण आपल्याकडे जागं राहायचा उपाय म्हणून पोरं तोच धरतात. एक पुडी हाजरीला, एक शॉवेलच्या, म्हणजे डंपर भरणाऱ्या यंत्राच्या, लायनीत, एक पहाटे. तंबाखूनं थोडा वेळ तरतरी येते आणि उतरली की झापड आणखी जड होते. सकाळी घरी गेल्यावर झोपही नीट लागत नाही. तोंडाच्या कॅन्सरनं गेलेले माझे दोन सोबती मी खांद्यावर नेले आहेत. चहा त्यापेक्षा कितीतरी बरा, पण तो प्यायला की वीस-तीस मिनिटांनी चढतो. म्हणून मी पोरांना शिकवायचो: रात्री दोन-अडीचच्या सुट्टीत आधी चहा प्या, लगेच रेस्ट शेल्टरमध्ये वीस मिनिटं डोळे मिटा. उठाल तेव्हा चहाही लागलेला असेल. पाऊण तास, तास झोपू नका, डोकं जड होतं. पहाटे चारनंतर मात्र चहा नको, नाहीतर सकाळची झोप जाते. आणि हे चालत्या पाळीत, गाडी लायनीत उभी करून स्टीअरिंगवर मान टाकून करायचं नाही. माणूस लायनीतच सगळ्यात जास्त डुलतो आणि दचकून जागा झाला की पाय भलत्या पेडलवर पडतो.

आता कॅमेऱ्याबद्दल. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशानं, अंधारातही, पापण्या किती वेळ मिटल्या, मान कुठे वळली हे बघतो. ठरावीक वेळेच्या वर पापणी मिटली की अलार्म, काहींत सीट हलते, आणि कंट्रोल रूमला निरोप जातो. उपयोगाची वस्तू आहे. माझ्या त्या पहाटे असता तर मी वळणावरच जागा झालो असतो. पण काचेवर धूळ बसली, चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळला, सूर्य आडवा आला की तो चुकतो. चुकून चार वेळा ओरडला की पाचव्या वेळी खऱ्या झोपेलाही माणूस लक्ष देत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट, निरोप गेल्यावर पुढे काय होतं? प्रत्येक अलार्मला मजुरी कापली, तर पोरं त्या काचेवर चिकटपट्टी लावतील. मी पैज लावून सांगतो. त्याच्या उलट दुसऱ्या अलार्मला गाडी बाजूला लावून अर्धा तास खाली उतरवायचं, त्या रात्रीचे पैसे पूर्ण द्यायचे असं ठरलं, तर तोच कॅमेरा जीव वाचवतो. भाऊजींना हे कॅमेरा बसायच्या आधी, सगळ्यांसमोर विचारायला सांगा.

शेतीचा मुद्दा मी मुद्दाम मोठा करतो आहे, कारण खाणीतल्या सेफ्टीच्या पाट्यांवर तो कधी दिसला नाही. इथला निम्मा कामगार शेतकरी आहे. कुणाची जमीन खाणीत गेली म्हणून नोकरी लागली आणि उरलेली अजून वाहतो, कुणी ठेक्यानं घेतली. जूनमध्ये पेरा, दिवाळीच्या आसपास वेचणी, हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला पाणी, आणि शेतीची लाइन बरेचदा येते रात्री. सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस मध्यरात्री मोटर चालू करायला जातो, ओलीत करून पहाटे घरी येतो. खाणीच्या कागदावर त्याची ड्युटी आठ तासांचीच असते. तो शरीरानं सोळा तास राबलेला असतो. हे कुणी बघत नाही आणि तो स्वतःही सांगत नाही.

उन्हाळा वेगळाच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर, टिनाखाली दुपारी झोप लागणार कशी? घरातली सगळ्यात आतली, मातीच्या भिंतीची खोली असेल तर ती त्यांना द्या. खिडकीला जाड गोधडी, कुलरला पाणी, मोबाइल दुसऱ्या खोलीत. लग्नसराईत डीजे असेल तर सासरी-माहेरी जिथे शांत असेल तिथे झोपायला पाठवा. एका दमात सात तास होत नसतील तर सकाळी पाच तास आणि रात्री निघायच्या आधी दोन तास, असे तुकडे करा. हा भार तुमच्या एकटीवर टाकावा असं मला वाटत नाही. शेजारच्यांना, पोरांना, म्हाताऱ्यांना सगळ्यांना सांगून ठेवायची गोष्ट आहे ही.

ते मोठ्यानं घोरत असतील आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर नागपूरला नेऊन दाखवा. तो झोपेचा आजार असतो. आठ तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो आणि उपचारानं फरक पडतो. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते, ड्युटीवर असल्यास डॉक्टरला तसं सांगूनच गोळी घ्यावी.

ठेकेदाराकडे बारा-बारा तास आणि ट्रिपवर पैसे असा प्रकार असेल, तर कायदा माहीत असू द्या. मी नोकरीत होतो तेव्हा 1952 चा खाण कायदा होता. जमिनीवरच्या कामाला दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, ओव्हरटाइम धरूनही दिवसाला 10 च्या वर नाही, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेतही दिवसाला 8 तास, आठवडी सुट्टी आणि ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी आहे. बारा तास स्टीअरिंग हातात ठेवायला लावणं यात कुठेच बसत नाही. एकट्यानं भांडू नका, काम जाईल. चार-पाच जणांनी मिळून खाणीच्या सेफ्टी कमिटीतल्या कामगार प्रतिनिधीला सांगा. तिथे दाद लागली नाही तर डीजीएमएसचं, म्हणजे खाणींची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याचं, कार्यालय नागपुरातच आहे, लेखी अर्ज करा.

माझ्या सुरुवातीच्या काळात आमच्या पाळीला एक म्हातारा मायनिंग सरदार, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, होता. हाजरी घेताना तो वहीत बघायचाच नाही, तोंडाकडे बघायचा. एका रात्री मला म्हणाला, "बापू, तुये डोये लाल दिसून रायले. आज पंपावर जाय, गाडी मी दुसऱ्याले देतो." पंपावर म्हणजे खाणीतलं पाणी उपसायच्या कामावर. मला राग आला होता, ट्रिप बुडाल्या म्हणून. तो रिटायर झाल्यावर तसं बघणारं कुणी उरलं नाही, आणि माझी ती पहाट त्याच्यानंतरची. भाऊजींच्या पाळीला असा माणूस असेल तर त्याला धरून राहा. नसेल तर "आज माझी झोप झाली नाही, मला गाडी नको" हे वाक्य त्यांना स्वतः म्हणावं लागेल. तुम्ही घरी त्यांना इतकं तरी ठामपणे सांगा की त्या दिवसाचे पैसे बुडाले तर घरात कुणी एक शब्द बोलणार नाही. पुष्कळ जण त्याच भीतीनं गाडीवर चढतात.

एक राहिलंच, घरी येतानाचा रस्ता. पहाटे जंगलाकडून वाघाची भीती आहे, ती खरी आहे. पण मला जास्त धाक वाटतो तो सात-साडेसातला, रात्रभर जागलेला माणूस मोटरसायकलवर कोळशाच्या ट्रकांमधून येतो त्याचा. खाणीत निदान कॅमेरा असेल, या रस्त्यावर त्याला उठवणारं कुणी नाही. पाळी सुटल्यावर तिथेच तोंड धुऊन अर्धा तास आडवं व्हायचं आणि मग निघायचं, उशीर झाला तरी चालेल. बस किंवा गाडी मिळत असेल तर मोटरसायकल घरीच ठेवायची. आणि मृगाच्या आठवड्यात त्यांची नाइट येते का, ते कॅलेंडरवर आजच मोजून बघा. येत असेल तर पाळी बदलून मागायला आतापासून सांगून ठेवा, पेरा सुरू झाल्यावर कुणी बदलून देत नाही.