वाचक विचारतात: हास्केलमध्ये घड्याळ शून्य दाखवतं, मग वेळ जातो कुठे?

प्रश्न: सर, नोकरीत सी आणि पायथन लिहितो, हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा हौस म्हणून चालू केलीय. एक कोटी डबल (दशांश) आकड्यांची सरासरी काढायचा छोटासा प्रोग्रॅम सी आणि हास्केल दोन्हीत लिहिला. हास्केलमध्ये आधी वेळ घेतली, मग लेट लावून सरासरी काढली, परत वेळ घेतली, फरक जवळपास शून्य! म्हटलं वा. पण उत्तर प्रिंट करायला गेलो तर प्रोग्रॅम बराच वेळ अडकला, रॅम भरली, पंखा घरघरायला लागला. सी मध्ये हेच चुटकीसरशी होतं. मग हास्केल फास्ट की स्लो? आणि मोजायचं तरी कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: तुम्ही जे मोजलंत ते गणित नव्हतंच. हास्केल आळशी आहे, लेट लिहिलं म्हणजे लगेच हिशोब केला असं होत नाही, दुकानदार वहीत उधारी मांडतो तसं ते फक्त मांडून ठेवतं, त्याला म्हणतात थंक. वसुली होते कधी, तर प्रिंट करताना, आणि तोवर तुमचं घड्याळ थांबलेलं. म्हणून शून्य.

यावर बरेच जण उपाय करतात की तोच हिशोब शंभर वेळा लूपमध्ये चालवायचा आणि वेळेला शंभरने भागायचं. इथेही फसगत आहे, कारण जीएचसी (हास्केलचा कंपायलर) बघतो की दरवेळी तेच फंक्शन आणि तोच इनपुट, मग तो हिशोब लूपच्या बाहेर काढून एकदाच करू शकतो, बाकी नव्व्याण्णव वेळा आयतं उत्तर. क्रायटेरियन ही वेळ मोजायची लायब्ररी फंक्शन आणि इनपुट वेगवेगळे मागते ते याचसाठी, हिशोब दरवेळी नव्याने व्हावा म्हणून. तिथे तुम्हाला डब्ल्यूएचएनएफ (उत्तराचं फक्त वरचं झाकण उघडणारा) आणि एनएफ (आतलं सगळं उघडणारा) असे दोन पर्याय दिसतील. उत्तर एकच डबल असेल तर पहिला पुरतो. उत्तर लिस्ट असेल तर पहिल्याने फक्त पहिला डबा उघडतो आणि आतला माल तसाच राहतो, तिथे एनएफच लावा नाहीतर परत तेच शून्य बघून खूश व्हाल.

आता तुमची मेमरी. इथे जरा थांबतो कारण खरी गंमत इथेच आहे. तुम्ही कोड पाठवला नाहीत, पण बहुतेक सरासरी म्हणजे लिस्टची सम भागिले लेंग्थ असं लिहिलं असणार, सगळे तसंच लिहितात, मलाही वाचायला तेच आवडतं. पण बघा काय होतं, सम लिस्टवरून चालत जाते, एरवी मागचे आकडे कचऱ्यात गेले असते, पण लेंग्थला तीच लिस्ट नंतर लागणार आहे म्हणून गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) काहीच टाकू शकत नाही. ६४ बिट मशीनवर लिस्टच्या एका कडीला २४ बाइट आणि आतल्या डबलच्या डबीला १६, म्हणजे एका आकड्यामागे ४० बाइट. एक कोटी आकडे म्हणजे ४०० एमबी एकाच वेळी जिवंत, वर कलेक्टर ते इकडून तिकडे कॉपी करणार त्याची जागा वेगळी. सी च्या ॲरेत हेच ८० एमबी.

मग म्हणाल एकाच फेरीत बेरीज आणि मोजणी दोन्ही करतो, फोल्ड-एल-प्राइम (लिस्टवरून जाताना हिशोब उधार न ठेवणारं फंक्शन) वापरतो. बरोबर, पण जोडी टपल म्हणून दिलीत तर प्राइम फक्त टपलचं झाकण उघडतो, आतले दोन आकडे थंकच राहू शकतात, आणि मग उधारीवर उधारी चढत जाते. दोन्हींवर बँग लावा, म्हणजे उद्गारचिन्ह. आणि मुळात आकडे हाताळायचेत तर लिस्ट सोडा, व्हेक्टर लायब्ररीतला अनबॉक्स्ड (डबीशिवाय आकडे ठेवणारा) व्हेक्टर घ्या, तिथे डबलला सी सारखेच ८ बाइट लागतात.

वेळेच्या आधी बघायची गोष्ट म्हणजे अलोकेशन, प्रोग्रॅमने किती मेमरी मागितली ते. प्रोग्रॅम लिंक करताना मायनस आरटीएसऑप्ट्स द्या (न दिल्यास पुढचा पर्याय चालणार नाही, तसा मेसेज येतो), मग चालवताना प्लस आरटीएस मायनस एस. एकूण किती बाइट अलोकेट झाले, एका वेळी जास्तीत जास्त किती जिवंत होते, गार्बेज कलेक्टरमध्ये किती वेळ गेला, सगळं छापून येतं. साध्या बेरजेच्या लूपमध्ये अब्जावधी बाइट दिसले तर समजा आकडे अजून डब्यांत आहेत, तिथे मिलिसेकंद मोजण्यात काही अर्थ नाही.

आणि हो, जीएचसीआय (कोड टाइप करून लगेच चालवायची सोय) मध्ये मोजलं असेल तर ते सोडूनच द्या, तिथे तुमचा कोड इंटरप्रीट होतो. जीएचसीला काही सांगितलं नाही तर ऑप्टिमायझेशन बंदच असतं, मायनस ओ टू द्यावं लागतं. सी ला ओ थ्री आणि हास्केलला काहीच नाही, ही कुस्ती मॅटवर नाही, एकाचे हात बांधून आहे. सी कडे फास्ट-मॅथ लावलं असेल तर तेही काढा. डबलच्या बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात म्हणून कंपायलर एरवी क्रमाला हात लावत नाही, फास्ट-मॅथ ती परवानगी देतं आणि सी एकदम पुढे पळतं, पण मग दोघं एकच काम करत नाहीयेत.

प्रश्न: क्रायटेरियन वापरतो पण माझ्या लॅपटॉपवर दरवेळी वेगळाच आकडा येतो.
– विद्यार्थी, पुणे

उत्तर: चार्जर लावा, ब्राउझर बंद करा, शक्य असेल तर सीपीयूचा टर्बो बंद करून बघा. मशीन तापलं की क्लॉक खाली येतो आणि दुसऱ्या नंबरचं फंक्शन उगीच स्लो ठरतं, म्हणून क्रम उलटा करूनही एकदा चालवा. रिपोर्टमध्ये आर स्क्वेअर (मोजणी किती एकसारखी आली ते सांगणारा आकडा) ०.९९ च्या खाली दिसला तर तो रन धरूच नका.

प्रश्न: मायनस एफएलएलव्हीएम (मशीन कोड एलएलव्हीएम या वेगळ्या टूलकडून बनवून घ्यायचा पर्याय) लावलं की न्यूमेरिक कोड फास्ट होतो असं ऐकलं, लावू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: अनबॉक्स्ड ॲरेवरचा घट्ट लूप असेल तर कधी कधी फरक पडतो, लिस्टवर कोड असेल तर ते अलोकेशन एलएलव्हीएम काढून देणार नाही. तुमच्या जीएचसीला चालणारं एलएलव्हीएमचं व्हर्जन वेगळं टाकावं लागतं. त्याआधी कोडमध्ये रिअल-टू-फ्रॅक (आकड्याचा टाइप बदलणारं फंक्शन) शोधा, ऑप्टिमायझेशन बंद असताना ते प्रत्येक आकडा अपूर्णांक करून परत डबल करतं, लूपमध्ये असलं तर जीव काढतं. टाइप सिग्नेचर पण लिहा, पूर्णांकाला टाइप दिला नाही तर तो इंट न होता इंटिजर (कितीही मोठा होऊ शकणारा पूर्णांक) होतो आणि ते महाग पडतं. मॅट्रिक्सचा गुणाकार असेल तर एचमॅट्रिक्स लायब्ररी घ्या आणि मोकळे व्हा, फक्त मग तो बेंचमार्क हास्केलचा म्हणून मित्रांना दाखवू नका, आतमध्ये ब्लास (हास्केलबाहेरची गणिताची लायब्ररी) पळतंय.