पार्क होम स्वतःचं असलं म्हणून पिच फीची मदत नाकारता येत नाही

काकू, तुमचं पत्र दोनदा वाचलं. काका गेल्यावर घर विकून तुम्ही इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये पार्क होम (साईटवर उभं केलेलं मोबाईल होम) घेतलं, महिन्याला २०५ पौंड पिच फी, म्हणजे खालच्या जागेचं भाडं, भरताय, त्यातले १८ पाण्याचे, हातात आठवड्याला १९० पौंड पेन्शन आणि बँकेत १३,००० पौंड. काउन्सिलमधल्या माणसाने फोनवर सांगितलं की घर तुमच्या मालकीचं आहे मग हाऊसिंग बेनिफिट (भाड्यासाठीची सरकारी मदत) कसलं, आणि तुम्ही फोन ठेवून दिलात. त्याने तुम्हाला चुकीचं सांगितलंय.

घर तुमचं, पण खालची जागा साईट मालकाची आहे ना, आणि त्या जागेचे तुम्ही पैसे भरता. २००६ च्या हाऊसिंग बेनिफिट रेग्युलेशन्समध्ये कॅरव्हान आणि मोबाईल होमच्या साईटसाठी दिलेले पैसे भाड्यातच धरलेत, तसं स्पष्ट लिहिलंय. पाणी, वीज, गॅस त्यातून वजा होतं, म्हणजे तुमचे १८७ पौंड धरले जातील. घर घ्यायला कर्ज काढलं असतं तर त्याचे हप्ते मात्र यात बसले नसते. (पेन्शनचं वय झालं नसेल त्यांना हेच युनिव्हर्सल क्रेडिटमधून मागावं लागतं.)

पण आधी पेन्शन क्रेडिटला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी, फोन करा, आजच करा. २०२५-२६ च्या दराने एकट्या माणसाचं उत्पन्न आठवड्याला २२७.१० पौंडांपर्यंत भरून देतात. १०,००० च्या वर बचत असेल तर दर ५०० मागे १ पौंड उत्पन्न धरतात, तुमचे होतात ६, म्हणजे १९६, म्हणजे त्या दराने आठवड्याला ३१.१० पौंड तुमच्या हक्काचे पडून आहेत. आणि पेन्शन क्रेडिटचा हा भाग, म्हणजे गॅरंटी क्रेडिट, सुरू झाला की हाऊसिंग बेनिफिटला १६,००० पौंडांची बचतीची मर्यादा लागत नाही, तुम्ही एकट्या राहता त्यामुळे धरलेली पिच फी साधारण पूर्ण मिळते.

आता नाशिकचं घर. तुम्ही लिहिलंय की माहेरच्या घरात तिघा भावंडांचा वाटा आहे, आणि ‘हे सांगितलं तर सगळंच जाईल’ या भीतीने मुलीने गप्प बसायला सांगितलंय. काकू, कृपा करून असं करू नका. भारतातली एफडी, फ्लॅट, जमिनीतला वाटा, सगळं इथे भांडवल म्हणून सांगावंच लागतं, लपवलेलं नंतर कळलं तर दिलेले पैसे परत मागतात आणि फसवणुकीची केस होऊ शकते, या वयात तो मनस्ताप कशाला. आणि तुमच्या बाबतीत तर लपवायचं कारणच नाही. त्या घरात तुमचे ७४ वर्षांचे भाऊ राहतात ना? जवळचा नातेवाईक पेन्शनच्या वयाचा असेल आणि ते त्याचं राहतं घर असेल तर तुमच्या वाट्याची किंमत हिशोबात धरतच नाहीत. भावाच्या आधार कार्डाची कॉपी मागवा, त्यावर जन्मतारीख आणि तोच पत्ता असला पाहिजे, सोबत प्रॉपर्टी कार्डाचा उतारा, ज्यावर तिघांची नावं लागलीत. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडा.

तुमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे त्यामुळे त्या बाजूने अडचण नाही. पण ज्यांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही अशी अट) आहे त्यांनी हे वाचून क्लेम करू नका, व्हिसाच धोक्यात येईल.

काउन्सिलच्या फॉर्मसोबत साईट मालकाने दिलेलं रिटन स्टेटमेंट (जागेच्या कराराच्या अटींचा कागद), पिच फी वाढीचं शेवटचं पत्र आणि पैसे गेल्याची बँक स्टेटमेंट्स द्या. रिटन स्टेटमेंट एकदा नीट वाचा, हॉलिडे लायसन्स (फक्त सुट्टीपुरतं राहायची परवानगी) असेल तर बाराही महिने इथेच राहता का असं विचारतील आणि १९८३ च्या मोबाईल होम्स ॲक्टचं संरक्षणही नसेल, तसं काही दिसलं तर मला लगेच परत लिहा. काउन्सिल टॅक्सच्या सवलतीचा फॉर्मही त्याच वेळी भरून टाका.

पेन्शन क्रेडिट आणि हाऊसिंग बेनिफिट, दोन्ही क्लेम तीन महिने मागचे मिळू शकतात, त्याहून मागचे नाही, काका जाऊन वर्ष झालं त्यातले बरेच महिने गेलेच, म्हणून म्हणतेय आजच फोन करा. आणि यावेळी काउन्सिलवाले फोनवर ‘नाही’ म्हणाले तर ऐकून घेऊ नका, लेखी निर्णय मागा, तो हातात आला की एक महिन्याच्या आत फेरविचार मागता येतो किंवा ट्रिब्युनलकडे अपील करता येतं, अपीलला फी नाही. त्या पत्राचा फोटो मला पाठवा, पुढचं उत्तर मी लिहून देईन.