कल्याणात भाड्याने घर बघताय?

रविवारी दुपारी नको, भर पावसात संध्याकाळी बघायला जा. खाडी आणि वालधुनी नदी या दोघींची मर्जी तेव्हाच कळते. वालधुनीकाठी तळमजला स्वस्तात मिळत असेल तर आधी जिन्याखालच्या मीटरपेट्या बघा. त्या उगाच उंचावर बसवलेल्या आणि खाली भिंतीला पोपडे दिसले, तर २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर चढलं होतं ते शेजारच्या वाण्याला विचारा. एजंट काही सांगणार नाही. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घरभाड्याचा करार, नोंदवलेलाच हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. दुर्गाडी किल्ल्याकडे हवा झकास, पण स्टेशनला रोजची रिक्षा आलीच. आणि लोकल कल्याणहून सुटणारीच धरा, कसारा-कर्जतच्या भरूनच येतात.