‘फाइट क्लब’ बघून शिसारी आली, मग लोक त्याला एवढं डोक्यावर का घेतात?

तुम्ही लिहिलंय की परवा ‘फाइट क्लब’ पाहिलात, ट्विस्ट कुठल्याशा मीममुळे आधीच कळला होता, मारामारी बघवली नाही, आणि आता प्रश्न पडलाय की लोकांची मतं इतकी टोकाची का, की तुम्हालाच तो कळला नाही. कळलाय की! शिसारी आली म्हणजे सिनेमाचा अर्धा भाग तरी तुमच्यापर्यंत नीट पोचला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबा, कारण पुढे मी सगळं फोडणार आहे.

मी हा सिनेमा तीनदा पाहिलाय, तीन वेगवेगळ्या वयांत, आणि तिन्ही वेळा माझं मत बदललं. त्यामुळे दोन माणसं याच्यावरून भांडताना दिसली की मला आधी विचारावंसं वाटतं, कितव्या वर्षी बघितलात आणि कितव्यांदा?

पहिल्यांदा हॉस्टेलवर, एकोणिसाव्या वर्षी. एक लॅपटॉप आणि त्याच्याभोवती आम्ही आठ जण. संपला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. कुणीतरी म्हणालं, चला गच्चीवर. गेलो. चष्मेवाल्यांनी चष्मे काढायचे असं ठरलं होतं, एकानं काढला नाही. पहिल्याच फटक्यात चष्मा उडाला आणि पुढचा अर्धा तास आम्ही मोबाइलच्या उजेडात चष्म्याच्या काडीचा तो एवढासा स्क्रू शोधत गच्चीवर रांगत होतो. आमचा क्लब तिथेच बरखास्त झाला. पण त्या रात्री आमच्यातल्या प्रत्येकाला टायलर व्हायचं होतं, म्हणजे निवेदकाबरोबर हा मारामारीचा क्लब काढणारा तो बेधडक, देखणा माणूस. एडवर्ड नॉर्टनचा तो बिननावाचा, झोप न येणारा, कॅटलॉग बघून फर्निचर मागवणारा निवेदक कुणालाच व्हायचं नव्हतं. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता तुमच्या शिसारीबद्दल. 1999 साली तुम्ही बहुमतात असता. चक पालाहनिकच्या 1996 च्या कादंबरीवरून डेव्हिड फिंचरनं केलेला हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत तो लागला. खर्च सुमारे 6.3 कोटी डॉलर, आणि तिथल्या तिकीटबारीवर जमले जेमतेम 3.7 कोटी. रॉजर एबर्टसारख्या वजनदार समीक्षकानं चारपैकी दोन तारे दिले. रोझी ओडॉनेल या टीव्ही निवेदिकेला तर तो इतका झोंबला की तिनं आपल्या कार्यक्रमात ट्विस्टच सांगून टाकला आणि वर लोकांना बघू नका म्हणाली. म्हणजे ट्विस्ट फुटण्याचं तुमचं दुखणंही जुनंच आहे, फक्त तेव्हा मीम नव्हते.

वेळही वाईट होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला होता आणि पडद्यावरच्या हिंसेवरून अमेरिकेत सगळे खवळलेले होते. त्यातच स्टुडिओनं जाहिराती कुस्तीच्या कार्यक्रमांमध्ये लावल्या. मारामारी बघायला आलेल्यांना खरेदीचा कंटाळा आलेल्या माणसाची काळी विनोदी गोष्ट दाखवली, आणि ज्यांना ती आवडली असती ते पोस्टर बघूनच घरी बसले.

मग हे डोक्यावर घेणं सुरू कुठून झालं? माझ्या मते पॉजच्या बटणातून. 2000 साली डीव्हीडी आली आणि लोकांना सिनेमा थांबवता यायला लागला. ब्रॅड पिटचा टायलर विमानात ओळख करून देतो, त्याच्या कितीतरी आधी तो पडद्यावर चार वेळा एकेका फ्रेमपुरता चमकून जातो. ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनपाशी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टरच्या मागे, निवेदक झोप यावी म्हणून जातो त्या कॅन्सरग्रस्तांच्या गटात, आणि अशाच गटांत त्याला भेटलेली मार्ला रस्त्यावर पाठ फिरवून निघते तेव्हा. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. थिएटरात बसलेल्याला वाटणार, डोळा लवला किंवा प्रिंट खराब आहे. आणि गंमत म्हणजे टायलरची एक नोकरी प्रोजेक्टर चालवण्याची आहे. कुटुंबानं बघायच्या सिनेमात तो अश्लील चित्राची एक फ्रेम जोडून ठेवतो, कुणाला नीट दिसत नाही पण पोरं रडायला लागतात. म्हणजे टायलर त्या प्रेक्षकांशी जे करतो, तेच फिंचर आपल्याशी करत असतो. हे एकदा सापडलं की, टायलर हा निवेदकाच्याच डोक्यातला माणूस आहे या ट्विस्टची दुसरी खूण माणूस शोधायला लागतो. निवेदक टायलरला फोन लावतो त्या टेलिफोन बूथवर बारीक अक्षरात लिहिलंय की या फोनवर बाहेरून फोन येत नाहीत, आणि तरी टायलरचा फोन येतो. साहेबाच्या केबिनमध्ये निवेदक स्वतःलाच ठोसे मारून घेतो आणि म्हणतो की का कोण जाणे, टायलरशी झालेली पहिली मारामारी आठवली. यापेक्षा उघड काय सांगायचं? आम्ही आठही जण त्या प्रसंगाला नुसते हसलो होतो.

दुसऱ्यांदा बघितला तेव्हा अठ्ठाविशीत होतो, नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झाली होती आणि दिवसभर आकड्यांचे तक्ते भरणं हेच काम होतं. या वेळी मारामारीनं फार काही वाटलं नाही. अडकलो ते भलत्याच प्रसंगात. निवेदक मोटारी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत कामाला आहे. जळून कोळसा झालेल्या गाडीभोवती दोन तपासनीस फिरतायत आणि विनोद करतायत. बाप चांगला जाडजूड असणार, सीटला चरबी चिकटलीय बघा. मागच्या ॲशट्रेत पोराच्या दातांची तार अडकलीय. निवेदक शांतपणे वही धरून उभा. नंतर तो विमानात शेजारच्या बाईला हिशेब समजावून सांगतो. रस्त्यावर अशा गाड्या किती, त्यातल्या किती बिघडतील, आणि कोर्टाबाहेर तडजोड करायला सरासरी किती द्यावे लागतील, यांचा गुणाकार करायचा. तो आकडा गाड्या परत मागवण्याच्या खर्चापेक्षा कमी आला तर गाड्या परत मागवायच्या नाहीत. बस. पूर्ण सिनेमात याच्याइतकं हिंसक मला काही वाटत नाही, आणि रक्ताचा एक थेंब दाखवलेला नाही. एकोणिसाव्या वर्षी मी तेव्हा बहुतेक चहा आणायला गेलो होतो.

तिसरी वेळ दोन-तीन वर्षांपूर्वीची. ताई घरी आली होती. तिला असले सिनेमे आवडत नाहीत, पण नाव ऐकून होती. चाळिसेक मिनिटांत म्हणाली, “हा दुसरा माणूस खराच आहे ना रे?” मी गप्प. ती म्हणाली, “बरं, नको सांगूस,” आणि पुढचा सगळा सिनेमा तिनं दुसऱ्यांदा बघितल्यासारखा पाहिला. त्यामुळे तिला जे दिसलं ते मला दोन वेळांत दिसलं नव्हतं. मार्ला! टायलरसोबत रात्र काढून मार्ला सकाळी स्वयंपाकघरात येते आणि निवेदक तिला विचारतो, तू माझ्या घरात काय करतेयस? पहिल्यांदा बघताना आपल्याला वाटतं, आली ही बया. आता तिच्या बाजूनं बघा. ज्या माणसाबरोबर रात्रभर होती तोच माणूस सकाळी अनोळख्यासारखा तोंड वर करून विचारतोय. हेलेना बोनहॅम कार्टरचा तो क्षणभराचा चेहरा बघा, राग येण्याआधी तिथे आधी गोंधळ आहे. ताई म्हणाली, “या बाईला वेडी ठरवलंय सगळ्यांनी, आणि पूर्ण पिक्चरमध्ये तीच एक शहाणी आहे.” मी इतकी वर्षं याच्यावर वाद घातलेत, पण हे वाक्य कधी कुठल्या वादात ऐकलं नव्हतं. वाद घालणारे बहुतेक आमच्या गच्चीवरचेच असतात, त्यामुळे असेल.

इथून तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. हा ट्विस्ट नुसतं कोडं नाही, म्हणून तो फुटल्यावरही सिनेमा उरतो. टायलर कोण? निवेदकाला जसं दिसावंसं, बोलावंसं वाटतं तसा त्यानं स्वतःच रचलेला माणूस. आणि तासभर आपणही त्याच्यावर तितकेच भाळलेले असतो. ट्विस्ट येतो तेव्हा फसगत निवेदकाची एकट्याची होत नाही, आमच्यासारख्या आठ जणांचीही होते. मतं फाटतात ती इथे. काहींना ही फसगत लागते. काहींना ती अजिबात लागत नाही, ते टायलरची वाक्यं भिंतीवर लावतात आणि पुढे जातात. सिनेमात हेही आहे बरं का. क्लबमधून टायलर पुढे एक टोळी उभी करतो. तिच्यातला बॉब मारला जातो, त्याचं प्रेत टेबलावर आणून ठेवतात. निवेदक कळवळून सांगतो की हा माणूस होता, याला नाव होतं. आणि ते सगळे काळ्या कपड्यांतले शिष्य त्या नावाचाच मंत्र करून घोकायला लागतात! आपल्या चाहत्यांचं काय होणार हे सिनेमानं आधीच दाखवून ठेवलंय.

ते घोकणं कधीकधी फार पुढेही गेलं. अमेरिकेत खरेखुरे क्लब निघाले, आणि 2009 मध्ये न्यूयॉर्कला एका सतरा वर्षांच्या मुलानं कॉफीच्या दुकानाबाहेर घरी बनवलेला स्फोटक उडवला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो या सिनेमातल्या टोळीची नक्कल करत होता. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही.

म्हणून याला घातक म्हणणारे लोक मूर्ख आहेत असं मी म्हणणार नाही. माझी स्वतःची तक्रार तीच आहे. मारामारीतली शिसारी मुद्दाम आणलेली आहे हे मान्य. पहिल्या ठोशाआधी फिंचरनं नॉर्टनला सांगून ठेवलं होतं की खरोखर मार, आणि तो पिटच्या कानावर बसला, म्हणून तो प्रसंग इतका अवघडलेला आणि खरा वाटतो. क्लबमधल्या एंजल फेस नावाच्या देखण्या पोराला निवेदक जमिनीवर पाडून मारतच सुटतो तेव्हा भोवतीची टोळीसुद्धा गप्प होते. ब्रिटनच्या सेन्सॉरनं दोन ठिकाणी कात्री लावली, त्यातलं हे एक. तुम्ही तोंड फिरवलंत ते इथेच असेल, आणि तिथे तोंड फिरवणंच बरोबर आहे. पण त्याच्या आधीचा तासभर? अंतर्वस्त्रांच्या जाहिरातीतल्या पिळदार बाप्याला बघून टायलर आणि निवेदक नाक मुरडतात, आणि कॅमेरा मात्र उघड्या ब्रॅड पिटला त्याच जाहिरातीसारखा दाखवत राहतो. जाहिरातींची चीड येणाऱ्या माणसाचीच इतकी देखणी जाहिरात केली की मग पोरं भुलली म्हणून त्यांना दोष कसा द्यायचा?

“तर्कात बसत नाही” म्हणणाराही एक पंथ आहे. पार्किंगमध्ये एकटाच स्वतःला बडवणारा माणूस बघून लोक त्याचे अनुयायी का होतील, वगैरे. बरोबर आहे, नाही बसत. मला त्यानं कधी फरक पडला नाही.

शेवटाबद्दल मात्र माझं अजून ठरत नाही. निवेदक टायलरला संपवतो, पण टायलरचा बेत तडीस जातोच. क्रेडिट कार्ड कंपन्यांच्या इमारती कोसळतायत आणि हा मार्लाचा हात धरून ते बघत उभा आहे, आणि दिसतं किती सुंदर! चीनमध्ये 2022 साली एका स्ट्रीमिंग सेवेनं हा शेवटच उडवला होता. त्याऐवजी पडद्यावर पाटी आली की पोलिसांनी कट उधळला, सगळ्यांना पकडलं आणि टायलरला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. लोकांनी आरडाओरडा केला आणि कापलेला बहुतेक भाग परत आला. पालाहनिकचं म्हणणं गमतीचं होतं, की चिनी शेवट त्याच्या कादंबरीच्या जास्त जवळ जातो, कारण कादंबरीत इमारती पडत नाहीत आणि निवेदक खरंच इस्पितळात पोचतो. तरी एरवी सिनेमाचा शेवट आपल्यापेक्षा सरस आहे असं सांगणाराही तोच.

आता पुन्हा बघायचा का? आवडला नाही तर नका बघू, कुणी परीक्षा घेणार नाही. पण बघितलात, तर टायलरला सोडा आणि मार्ला जिथे जिथे असेल तिथे फक्त तिच्याकडे बघा. एंजल फेसचा प्रसंग पुढे ढकललात तरी चालेल, ताईनंही ढकलला होता.