भागीदार करायचंय ना, मग आधी त्यांना आजाराचं नाव सांगा

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांना कॅन्सर आहे, हॉस्पिटलमधून विचारलंय की एका संशोधनात रुग्ण आणि घरच्यांना 'भागीदार' म्हणून घ्यायचं आहे, तर त्यात नेमकं काय करतात आणि जावं का? आणि शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'वडिलांना आजाराचं नाव अजून सांगितलेलं नाही.'

जावं. पण त्या शेवटच्या वाक्याने मला लिहायला बसवलं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. आईने तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं, बाजूला तंबाखू आणि दोऱ्याची रीळ. आठ वर्षांपूर्वी तिच्या स्तनात गाठ निघाली. थोरल्या भावाने घरात सगळ्यांना बजावलं, आईला 'साधी गाठ' एवढंच सांगायचं. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, केस गेलेल्या बायकांच्या रांगेत आई बसायला लागली, तरी घरात साधी गाठच.

मग तिला एका अभ्यासात घ्यायचं ठरलं. पॅक्लिटॅक्सेल या केमोतल्या औषधाने हातापायाच्या नसांना काय होतं, ते बघणारा अभ्यास. दादा म्हणाला, "आण तो कागद, मी सही करतो." अभ्यासाचं काम बघणाऱ्या ताईंनी नाही म्हणून सांगितलं. माणूस शुद्धीत आहे, त्याला समजतंय, तर सही त्याचीच. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा, पण मुलाने परस्पर सही करायची नाही. दादा भडकला. "आईला प्रयोगाचा उंदीर करालाव व्हय?"

त्या रात्री मी आईला नाव सांगितलं. ती म्हणाली, "मला काय कळंना व्हय गं? तुमीच गप, म्हणून मी बी गप." सकाळी तिने स्वतः सही केली, चौथीतल्या अक्षरात. दादा दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

आता खरी गोष्ट. दर केमोला एक प्रश्नावली भरून घ्यायचे. त्यात विचारलेलं, 'बटणं लावताना त्रास होतो का?' आई म्हणायची, नाही. पुढे टिक. अहो, आई साडी नेसते. ब्लाउजला हुक, आणि ऑपरेशननंतर हात मागे जाईना म्हणून तेही मीच लावून द्यायचे. तिच्या आयुष्यात बटण होतंच कुठे? इकडे घरी मी बघत होते. पान वळलं जायचं, पण दोऱ्याचे वेढे घालून गाठ मारायची वेळ आली की दोरा बोटांतून सुटायचा. बोटं डोळ्यांजवळ नेऊन ती बघायची. "दोरा हातात हाय का न्हाई, तेच कळंना झालंय." आधी दिवसाला नऊशे-हजार विड्या व्हायच्या. तिसऱ्या केमोनंतर अडीचशे, आणि त्यातल्याही कितीतरी सैल बांधल्या म्हणून कारखान्यात छाटल्या जायच्या. कागदावर मात्र, त्रास नाही.

मी एका वहीत लिहायला लागले. तारीख, केमोचा कितवा दिवस, किती वळल्या, किती छाटल्या. ती वही ताईंना दाखवली. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. पण प्रश्न बदलता येत नाही म्हणाले. त्याला कारण आहे: प्रश्नावली तपासून पक्की केलेली असते, मध्येच शब्द बदलला तर आधीच्या आणि नंतरच्या उत्तरांची तुलना होत नाही. म्हणूनच रुग्णाला प्रश्न ठरायच्या आधी बसवायला पाहिजे. नंतर बोलावलं तर उपयोग नाही.

पुढच्या अभ्यासाच्या वेळी त्यांनी तेच केलं. आईला आणि मला बोलावलं, आणखी चार बायका होत्या, एकीसाठी तेलुगूत सांगायला तिची सून. आई म्हणाली, "बटन नका इचारू. सुईत दोरा ववता येतो का इचारा. भाकरी थापता येती का. चालताना पायातली चप्पल निसटली तर कळती का." डॉक्टर लिहून घेत होते. भागीदार म्हणजे हे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही हेच.

हे काही परदेशी खूळ नाही. बार्शीला 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, आणि ती उभी राहिली गावोगाव जाऊन लोकांशी बोलूनच. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात 52 गावगटांतल्या 1,31,000 हून जास्त बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीच्या अभ्यासात होत्या. एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या, एकदाच केलेल्या तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे 2009 मध्ये जगाला कळलं ते या बायकांमुळे. पण त्या सहभागी होत्या. काय तपासायचं हे ठरवताना त्यांना बसवणं, ही पुढची पायरी. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या संशोधनाला संरक्षण खात्याच्या एका योजनेतून पैसे मिळतात, तिथे कुठल्या प्रस्तावाला किती गुण द्यायचे यात आजारातून गेलेल्या बायकाही मत देतात. आपल्याकडे औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांप्रमाणे नैतिकता समितीत, म्हणजे अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीत, किमान 7 जण लागतात आणि त्यात एक सामान्य व्यक्ती असावी लागते. ती रुग्णच हवी असं मात्र नाही. माझ्या मते असायलाच हवी.

तुम्ही जाल तेव्हा प्रवासखर्च आणि बुडालेला रोज कोण देणार, ते आधीच विचारा, लाजू नका. बैठक कुठल्या भाषेत आहे, तेही विचारा.

एक गोष्ट राहिली. सगळ्यांनाच आजाराचं नाव ऐकायचं असतं असं नाही, आणि केमोच्या आठवड्यात बैठकीला बसायची ताकद प्रत्येकात नसते. वडील म्हणाले 'मला सांगू नका', तर तो त्यांचा निर्णय. पण तो त्यांना विचारून कळू द्या, घरातल्या दुसऱ्या कुणाकडून नको.

आई आता 66 वर्षांची आहे. तळपाय अजून बधिर आहेत, विड्या सोडल्या. दादा अजूनही म्हणतो, तू घाई केलीस. मी नाही केली. आठ महिने उशीर केला.